अर्ध्या मिलिमीटरचा ‘चीता’

बाजारात मिळणाऱ्या संचातले सुटे भाग चिकटवून विमानाची किंवा जहाजाची प्रतिकृती तयार करणे, हा छंद आपल्याकडे आता नवा राहिलेला नाही. पण या छंदाच्या पुढची एक पायरी आहे आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. संचात जो भाग नाही, किंवा आहे पण ओबडधोबड आहे, तो प्लॅस्टिकच्या पत्र्यातून, तारेतून, नळीतून स्वतःच्या हाताने घडवायचा, अशी ही पायरी. जगभरचे छांदिष्ट तिला ‘स्क्रॅचबिल्डिंग’ म्हणतात. मराठीत सांगायचे, तर कोऱ्या सामानातून केलेली घडण. या घडणीचा सर्वांत कठीण पेपर कोणता, असे विचारले तर बहुतेक जण एकच उत्तर देतील : हेलिकॉप्टर.

याचे कारण सोपे आहे. विमानाची यंत्रणा कातडीखाली दडलेली असते. पंख, धड आणि शेपूट यांचे बाह्य आकार साधले, की प्रतिकृती बऱ्याच अंशी साधते. हेलिकॉप्टरची गोष्ट उलटी आहे. त्याचे दांडे, बिजागऱ्या, नळ्या, कधीकधी तर संपूर्ण इंजिनही उघड्यावर असते. जे लपवता येत नाही ते सगळे करून दाखवावे लागते.

उघड्या हाडांचे यंत्र

याचे उत्तम उदाहरण म्हणजे भारतीय लष्कर आणि हवाई दल यांच्या सेवेतले ‘चीता’ हेलिकॉप्टर. मुळात हे फ्रेंच ‘लामा’. अतिउंचीवर आणि उष्ण हवेत काम करू शकेल असे हलके हेलिकॉप्टर भारताला हवे होते. त्या गरजेतून फ्रान्सच्या सूद एव्हिएशन कंपनीने ते विकसित केले आणि १७ मार्च १९६९ रोजी त्याचे पहिले उड्डाण झाले. पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्स अर्थात ‘एचएएल’ने परवान्याखाली त्याचे उत्पादन बेंगळुरूत सुरू केले. २१ जून १९७२ रोजी झां बूले या फ्रेंच चाचणी-वैमानिकाने लामातून १२,४४२ मीटर उंची गाठून जागतिक विक्रम केला. परतीच्या वाटेवर इंजिन विझले, तेव्हा केवळ वाऱ्याने फिरणाऱ्या पात्यांच्या आधारावर त्याने हेलिकॉप्टर सुखरूप खाली आणले. आपल्याकडे १९८४च्या ‘ऑपरेशन मेघदूत’पासून सियाचेनच्या चौक्यांना रसद पोहोचवणारे आणि आजारी, जखमी जवानांना खाली आणणारे यंत्र म्हणून ‘चीता’ ओळखले जाते.

प्रतिकृतीकाराच्या दृष्टीने मात्र ‘चीता’ची ओळख वेगळी आहे. पुढे काचेचा मोठा फुगा, त्यामागे उघडा सांगाडा, वर आच्छादन नसलेले आर्टूस्ट इंजिन आणि मागे शेपटाच्या जागी पोलादी नळ्यांची जाळीदार तुळई. विजेच्या मनोऱ्याला आडवे करून पुढे एक काचेचा गोळा लावावा, तसे काहीसे रूप. यातली प्रत्येक नळी आरपार दिसते. चुकीचा कोन लपवायला जागाच नाही.

आणखी एक अडचण बाजाराची आहे. प्लॅस्टिकचे भाग ओतण्यासाठी लागणारे पोलादी साचे अत्यंत महाग असतात. त्यामुळे संच बनवणाऱ्या युरोप, अमेरिका आणि जपानमधील कंपन्या जगभर खपतील असेच विषय निवडतात. अमेरिकेच्या ‘अपाचे’ला आणि ‘ह्यूई’ला संचांचा तोटा नाही. भारतीय खुणा, भारतीय फेरफार असलेली यंत्रे मात्र या यादीत क्वचितच येतात. म्हणजे आपल्या आकाशातली यंत्रे छोट्या रूपात पाहायची असतील, तर ती बव्हंशी आपणच घडवायला हवीत. कोऱ्या सामानातून घडणे हा येथे हौसेचा नव्हे, तर गरजेचा भाग ठरतो.

गमतीचा भाग असा, की खरा ‘लामा’देखील जुळवाजुळवीतूनच जन्माला आला. ‘अल्युएट-२’ या जुन्या हेलिकॉप्टरचा सांगाडा मजबूत करून त्याला ‘अल्युएट-३’चे, म्हणजे आपल्या ‘चेतक’च्या मूळ रूपाचे, इंजिन आणि पात्यांची यंत्रणा बसवण्यात आली. प्रतिकृतीकारही हाच मार्ग धरू शकतो. ‘अल्युएट-२’ आणि ‘अल्युएट-३’ यांचे संच पूर्वी निघाले होते. अशा दोन संचांचे भाग एकत्र करून सुरुवात करता येते. मात्र जाळीदार शेपूट, इंजिनाच्या नळ्या आणि पात्यांचा माथा यांसाठी शेवटी स्वतःच्या हातांवरच भिस्त ठेवावी लागते.

प्रमाणाचे गणित

प्रतिकृतींची प्रमाणे फुटा-इंचांच्या हिशेबातून आलेली आहेत. १/७२ प्रमाणात सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो. १/४८ प्रमाणात पाव इंच म्हणजे एक फूट. १/७२ हे प्रमाण रुळवण्यात ब्रिटनच्या ‘फ्रॉग पेंग्विन’ या १९३६ सालच्या संचांचा वाटा मोठा होता. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची आणि मित्राची विमाने ओळखण्याचे शिक्षण देण्यासाठी अमेरिकी नौदलाने १९४२मध्ये शाळकरी मुलांकडून याच प्रमाणातील लाकडी प्रतिकृती करवून घेतल्या. पाच लाखांचे उद्दिष्ट ठेवलेला तो उपक्रम म्हणजे कोऱ्या सामानातून केलेल्या घडणीचाच एक प्रचंड प्रयोग होता.

‘चीता’च्या मुख्य पात्यांच्या वर्तुळाचा व्यास ११.०२ मीटर आहे. १/७२ प्रमाणात तो १५३ मिलिमीटर आणि १/४८ प्रमाणात सुमारे २३० मिलिमीटर भरतो. जाळीदार शेपूट डोळ्यांना सुखावेल असे करायचे, तर १/४८ हे प्रमाण सोयीचे. शेपटाची एखादी मुख्य नळी ४० मिलिमीटर जाडीची आहे असे धरले, तर प्रतिकृतीत ती ०.८३ मिलिमीटर व्हायला हवी. तिरकी आधारनळी २२ मिलिमीटरची धरली, तर ती अर्ध्या मिलिमीटरच्याही आत येते.

ओतीव प्लॅस्टिकची मर्यादा नेमकी येथे उघडी पडते. साच्यातून भाग सहज सुटावा म्हणून त्याला किंचित उतार द्यावा लागतो आणि प्लॅस्टिक सगळीकडे पोहोचावे म्हणून काही किमान जाडी ठेवावीच लागते. संचातली एक मिलिमीटर जाडीची भिंत १/४८ प्रमाणात ४८ मिलिमीटर जाडीची ठरते. प्रत्यक्ष हेलिकॉप्टरचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर असतो. दाराची कड, आसनाची पाठ, इंजिनाच्या नळकांड्याचे तोंड अशा ठिकाणी हा जाडपणा डोळ्यांना खुपतो आणि प्रतिकृतीचे खेळणे होते. कारागीर सर्वप्रथम हेच भाग बदलतो.

सामान घराजवळचेच

यासाठी लागणारे सामान फार दुर्मीळ नाही. मुख्य वस्तू म्हणजे पॉलिस्टायरिनचा पांढरा पत्रा. पाव, अर्धा आणि एक मिलिमीटर या जाड्या सर्वाधिक वापरल्या जातात. तो चाकूने अर्धवट चिरून वाकवला, की रेघेवर स्वच्छ तुटतो. त्याला चिकटवणारा द्राव प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवतो आणि दोन भाग अक्षरशः एकजीव होतात. धातू आणि प्लॅस्टिक जोडायचे, तर फेव्हिक्विक किंवा अ‍ॅराल्डाइट. गोलसर, वेडेवाकडे आकार एम-सीलसारख्या लगद्यातून घडवता येतात.

तारांसाठी मुंबईची लोहार चाळ किंवा पुण्याची तपकीर गल्ली पुरेशी आहे. विजेच्या लवचीक वायरीत तांब्याच्या केसासारख्या बारीक तारा असतात. फ्यूजची तार आणि सोल्डरची तार मऊ असल्यामुळे हव्या त्या वळणावर बसते, म्हणून इंजिनाभोवतीच्या तेला-इंधनाच्या नळ्यांसाठी ती उत्तम. इंजेक्शनच्या कोऱ्या सुया म्हणजे तर तयार पोलादी नळ्याच! २१ नंबरच्या सुईची बाहेरची जाडी ०.८२ मिलिमीटर आणि २६ नंबरची ०.४६ मिलिमीटर असते. वर धरलेल्या ४० आणि २२ मिलिमीटरच्या नळ्यांना १/४८ प्रमाणात यापेक्षा जवळचे काही सापडणार नाही.

सर्वांत स्वस्त साहित्य मात्र संचातच मिळते. सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले असतात ती आपण एरवी फेकून देतो. तिचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीवर, ज्योतीला न टेकवता, फिरवत तापवायचा. तो मऊ होऊन चकाकू लागला, की ज्योतीपासून दूर घेऊन दोन्ही टोके सावकाश ओढायची. ओढ मंद असेल तर काडी निघते, वेगाने ओढले तर केसासारखा धागा. अँटेना, दांडे, बोल्टची डोकी असे कितीतरी भाग या एका युक्तीतून निघतात.

आधी माप, मग चाकू

या कामातला निम्मा वेळ माहिती गोळा करण्यात जातो. उत्पादकांनी प्रसिद्ध केलेल्या मापांवरून लांबी, रुंदी, उंची कळते. एखाद्या कंसाची किंवा कडीची मापे कुठेच छापलेली नसतात. ती छायाचित्रावरून काढावी लागतात. त्याची पद्धत साधी त्रैराशिकाची आहे. शेपटावरील छोट्या पंख्याचा व्यास १.९१ मीटर असल्याचे माहीत आहे. समोरून घेतलेल्या छायाचित्रात तो ५० मिलिमीटर भरला आणि शेजारचा भाग १० मिलिमीटर, तर तो भाग प्रत्यक्षात सुमारे ३८ सेंटिमीटरचा. अट एकच. दोन्ही वस्तू कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर असायला हव्यात. जवळची वस्तू मोठी दिसते, हे विसरले की सगळे माप फसते.

लष्करी विमानतळांवर छायाचित्रणाला बंदी असते, हे येथे लक्षात ठेवायला हवे. त्यामुळे अभ्यासासाठी संग्रहालये हाच योग्य मार्ग. गोव्यात बोगमाळोजवळ नौदलाचे हवाई संग्रहालय आहे, बेंगळुरूत एचएएलचे वारसा केंद्र आहे, दिल्लीत पालमला हवाई दलाचे संग्रहालय आहे. ‘चेतक’ आणि ‘चीता’ यांचे इंजिन आणि पात्यांचा माथा यांचे कूळ एकच असल्यामुळे उभ्या ‘चेतक’समोर घालवलेला तासही ‘चीता’च्या कामी येतो. अनुभवी मंडळी सांगतात, की समोरून सुंदर छायाचित्र काढण्यापेक्षा खालून, मागून आणि सांध्यांजवळून काढलेली कुरूप छायाचित्रे अधिक उपयोगी पडतात.

प्रतिकृती नेमक्या कोणत्या हेलिकॉप्टरची आणि कोणत्या काळातली, हेही आधी ठरवावे लागते. दीर्घ सेवेत एकाच यंत्रावर अँटेना वाढतात, रंग बदलतात, उपकरणे उतरवली जातात. १९७१च्या बांगलादेश मुक्तिसंग्रामात ‘किलो फ्लाइट’ या छोट्या हवाई तुकडीने वापरलेल्या अल्युएट-३ हेलिकॉप्टरवर रॉकेट आणि मशीनगन बसवल्या होत्या. ते यंत्र करायचे, तर साधा ‘चेतक’ चालणार नाही. रॉकेटच्या नळकांड्यांपासून ती पेलणाऱ्या आडव्या दांड्यापर्यंत सारे नव्याने घडवावे लागेल.

शेपूट : त्रिकोणांची शिस्त

प्रत्यक्ष कामाची सुरुवात जाळीदार शेपटापासून केलेली बरी, कारण उरलेले भाग त्याच्या सरळपणावर अवलंबून असतात. ही तुळई त्रिकोणी छेदाची आहे. तीन लांब नळ्या मागे निमुळत्या होत जातात आणि त्यांना आडव्या व तिरक्या नळ्या बांधून ठेवतात. चौकोन दाबला तर कलतो, त्रिकोण कलत नाही, या शालेय भूमितीवरच तिची ताकद उभी आहे.

प्रतिकृतीत आधी एक सपाट बाजू तयार करायची. कागदावर अचूक आराखडा काढून तो लाकडी फळीवर चिकटवायचा, त्यावर दोन लांब नळ्या टाचण्यांच्या आधाराने बसवायच्या आणि शिडीसारखे आडवे तुकडे जोडत जायचे. मग ही शिडी न हलवता, ठरावीक उंचीच्या पुठ्ठ्याच्या आधारांवर तिसरी नळी ठेवून उरलेल्या दोन बाजू पूर्ण करायच्या. प्रत्येक तुकड्याचे टोक गोल नळीवर बसेल असे कानशीने किंचित खोलगट करावे लागते. हा कंटाळवाणा भाग टाळला, तर सांध्यावर गोंदाची गाठ दिसते आणि ती रंगानंतर अधिकच उठून दिसते.

पितळी तार वापरून सोल्डरिंग केले तर तुळई अधिक मजबूत होते. पण तेथे वेगळीच पंचाईत आहे. एका सांध्याला दिलेली उष्णता धातूतून धावत शेजारचा सांधा सोडवते. त्यावर उपाय म्हणजे शेजारच्या सांध्यावर ओल्या कापसाचा बोळा ठेवणे किंवा धातूचा चिमटा लावून उष्णता अडवणे. पोलादी सुयांवर साधे सोल्डर नीट बसत नाही, त्यामुळे त्या गोंदानेच जोडाव्या लागतात. ज्यांना हा खटाटोप नको, त्यांनी प्लॅस्टिकच्या काड्या घ्याव्यात. त्या नाजूक असतात, पण चूक झाली तर पुन्हा कापता येतात.

माथा : तीनदा एकसारखे

हेलिकॉप्टरचा प्राण त्याच्या पात्यांच्या माथ्यात असतो. पाते पुढे जाताना त्याला अधिक उचल मिळते, मागे येताना कमी. हा फरक सोसण्यासाठी प्रत्येक पात्याला वर-खाली आणि पुढे-मागे हलू देणाऱ्या बिजागऱ्या असतात. वैमानिकाच्या हातातील दांड्याची आज्ञा खालच्या स्थिर चकतीकडे जाते, तिच्यावरची दुसरी चकती पात्यांबरोबर फिरते आणि तिच्यापासून निघालेले तीन उभे दांडे पात्यांचा कल बदलतात. या हेलिकॉप्टरांत पात्यांमधले अंतर राखणाऱ्या बारीक तारांचे दोरही दिसतात. कोणता भाग कशासाठी आहे हे कळले, की तो कुठे आणि कोणत्या कोनात बसवायचा हे आपोआप उमगते. म्हणूनच यंत्र समजून घेणे ही या कलेची पूर्वअट मानली जाते.

अडचण अशी, की सगळे भाग तीन-तीन आणि हुबेहूब सारखे हवेत. हाताने एक सुंदर भाग करणे जमते, तोच भाग आणखी दोनदा करणे जमत नाही. म्हणून एकच नमुना मन लावून करायचा, त्यावर सिलिकॉन रबर ओतून साचा घ्यायचा आणि त्यात रेझिन ओतून तीन प्रती काढायच्या. त्या १२० अंशांवर बसाव्यात म्हणून कागदावर आखलेले वर्तुळ खाली ठेवले, की काम भागते.

दोन गोष्टी येथे हमखास चुकतात. फ्रेंच परंपरेत मुख्य पाती वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, अमेरिकी हेलिकॉप्टरांत बहुधा उलट. त्यामुळे पात्याची जाड, गोलसर कड कोणत्या बाजूला हे तपासूनच ते चिकटवावे. दुसरे म्हणजे, उभ्या हेलिकॉप्टरची पाती स्वतःच्या भाराने किंचित खाली झुकलेली असतात. पट्टीसारखी सरळ पाती लावली, की जाणकाराची नजर प्रथम तेथेच जाते.

इंजिन आणि काच

इंजिन म्हणजे एकावर एक रचलेली नळकांडी. प्लॅस्टिकची जाड काडी साध्या ड्रिल मशीनच्या तोंडात पकडून फिरवली आणि तिला कानस लावली, की घरच्या घरी लेथ तयार होते. सांध्यांच्या कडांसाठी पत्र्याच्या गोल चकत्या, बोल्टसाठी ओढलेल्या काडीचे बारीक काप, धूर बाहेर टाकणाऱ्या नळकांड्यासाठी अ‍ॅल्युमिनियमची पातळ पट्टी. नळ्या घालताना प्रत्येक नळी कुठून तरी निघून कुठे तरी पोहोचली पाहिजे. शोभेसाठी टांगलेली तार लगेच ओळखू येते.

काचेच्या फुग्यासाठी लाकडाचा किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसचा ठोकळा अपेक्षित आकारापेक्षा किंचित लहान घडवून काचेसारखा गुळगुळीत घासतात. त्यावर तापवून मऊ केलेला पारदर्शक पत्रा ओढून बसवतात. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीत ठोकळा घालून गरम हवेचा झोत दिला, तर बाटली आक्रसून त्याला घट्ट बिलगते, ही युक्तीही अनेक जण वापरतात. काच जितकी स्वच्छ, तितके आतले काम अधिक उघडे पडते. विमानातील नेहमीच्या तबकडीचा व्यास सुमारे ७९ मिलिमीटर असतो. १/४८ प्रमाणात ती दीड मिलिमीटरहून थोडी मोठी. आसनाचा पट्टा जेमतेम एक मिलिमीटर रुंद, तो रंगवलेल्या मास्किंग टेपचा करतात.

थांबायचे कुठे?

हातभर अंतरावरून पाहताना सामान्य डोळ्याला एक दशांश मिलिमीटरहून बारीक तपशील वेगळा दिसत नाही. १/४८ प्रमाणात त्याचा अर्थ असा, की प्रत्यक्षात पाच मिलिमीटरहून लहान असलेली गोष्ट प्रतिकृतीत दिसणारच नाही. म्हणजे रिव्हेटचे डोके खऱ्या मापात केले तर ते अदृश्य, आणि दिसेल असे केले तर ते खोटे. येथे गणित संपते आणि कारागिराचा विवेक सुरू होतो.

आता घरगुती रेझिन प्रिंटरने या छंदात नवा प्रवाह आणला आहे. एक विंशांश मिलिमीटर जाडीचे थर रचणारी ही यंत्रे पात्यांच्या माथ्यासारखा भाग हातापेक्षा सफाईने काढतात. एका अर्थाने हीच खरी कसोटी आहे. हातकाम मागे पडणार का, हा प्रश्न छांदिष्टांमध्ये वादाचा आहे. पण यंत्राला आराखडा द्यावाच लागतो आणि आराखड्यासाठी मोजमाप करावेच लागते. छायाचित्रे पारखणे, भागाचे कार्य समजून घेणे, प्रमाण ठरवणे ही कामे प्रिंटर करत नाही. शिवाय लांब, बारीक आणि सरळ नळीच्या बाबतीत पोलादी सुई अजूनही सरस ठरते. छापील रेझिनच्या काड्या कालांतराने वाकतात.

सुरक्षेचे भान मात्र दोन्हीकडे हवे. फेव्हिक्विकसारख्या गोंदाची वाफ, कच्चे रेझिन, घासताना उडणारी भुकटी यांचा त्रास होतो. खिडकी उघडी ठेवावी, मुखपट्टी लावावी, रेझिन हाताळताना हातमोजे घालावेत. वापरलेल्या सुयांना तर स्पर्शही करू नये.

‘चेतक’ आणि ‘चीता’ यांची सेवा आता अखेरच्या टप्प्यात आहे. त्यांची जागा घेण्यासाठी एचएएलने नवे हलके हेलिकॉप्टर विकसित केले आहे. काही जुनी यंत्रे संग्रहालयांच्या आवारात उभी राहतील, बाकीची भंगारात जातील. उघड्यावर उभ्या यंत्राच्या नळ्या गंजतात, काचा धुरकटतात, सुटे भाग नाहीसे होतात. अशा वेळी एखाद्याने चारही बाजूंनी पाहून, मोजून, प्रत्येक सांध्याचे कारण समजून घेऊन केलेली वीतभर लांबीची प्रतिकृती ही केवळ शोभेची वस्तू राहत नाही. ते यंत्र कसे होते, याची ती एक नोंद असते. ती नोंद परदेशातली कंपनी आपल्यासाठी ठेवणार नाही, कारण तिच्या हिशेबात ती बसत नाही. पांढरा पत्रा, थोडी तार आणि भरपूर चिकाटी असलेल्या कोणालाही ती ठेवता येईल.